गुणिले एकशे सहा

हिशेबाची वही हे आमच्या घरातले दुसरे देवघर आहे. पहिल्या देवघरापुढे मी बसते, दुसऱ्यापुढे आमचे हे. ह्यांची सारी नोकरी एस. टी.च्या हिशेबखात्यात गेली. महाराष्ट्रातली पहिली एस. टी. गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला सुटली, ही गोष्ट हे अशा थाटात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावे, त्या गाडीची रोकड ह्यांनीच मोजून घेतली! वास्तविक तेव्हा ह्यांचा जन्मही झाला नव्हता. नोकरी संपली तरी हिशेब संपलेला नाही. दर दिवाळीला लाल पाठीची नवी वही येते, तिला हळदकुंकू लागते, आणि मग वर्षभर रोज रात्री कोथिंबिरीच्या जुडीपासून गिरणीतल्या दळणापर्यंत पै न् पै तीत उतरते.

आम्ही भिंगारचे. भिंगार म्हणजे नगरला लागून असलेले छावणीचे गाव. जवळच भुईकोट किल्ला, भोवती लष्कराची लांबलचक आवारे, आणि मधल्या गल्ल्यांत आमच्यासारखे पेन्शनर. मी इथल्याच शाळेत बत्तीस वर्षे शिकवले. त्यामुळे निम्म्या गावाची मी ‘बाई’ आहे. पुण्यामुंबईचे नातेवाईक आले की आम्ही दोघे त्यांना भिंगारची स्वस्ताई दाखवतो. डोंगरावरचे लोक पाहुण्यांना सूर्यास्त दाखवतात तशी. भाजी किती ताजी आणि किती स्वस्त, दूध कसे दारात येते, कामाला माणूस कसे सहज मिळते! पाहुणे हळहळतात, आणि आम्हाला त्या हळहळीचे फार समाधान वाटते.

परदेश म्हणाल, तर त्याची आणि माझी ओळख दोनदाच झाली होती. पहिल्यांदा १९६६ च्या जूनमध्ये. सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले, आणि १३ रुपये ३३ पैशांचा पौंड एका रात्रीत २१ रुपयांचा झाला. मी नऊ वर्षांची होते. वडिलांनी वर्तमानपत्र वाचून सुस्कारा टाकला. आई चुलीपुढून म्हणाली, “आपल्याला कुठे पौंड लागतो?” दुसऱ्यांदा १९७२ च्या दुष्काळात. नगर जिल्हा तेव्हा होरपळून निघाला होता. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना आईच्या हातात मोडायची, आणि ती मोडलेली भाकरी पाहून आई जो चेहरा करायची, तो मी अजून विसरलेले नाही. परदेशातली वस्तू आमच्या ताटात आली ती अशी.

त्यानंतर परदेश आला तो २०२४ च्या मे महिन्यात. आमची एकुलती एक मुलगी लंडनला असते. लंडनच्या वायव्येला हॅरो नावाचे उपनगर आहे, तिथे तिचे बिऱ्हाड. नातू दहा महिन्यांचा झाला होता, तिची रजा संपत आली होती, आणि “आई, या ना दोघे, सहा महिने राहा” असा तिचा रोजचा फोन होता. आम्ही निघालो. सामानात मेतकूट, गोडा मसाला, बाळंतविड्याच्या राहून गेलेल्या वस्तू, आणि अर्थात लाल पाठीची वही.

विमानतळावरच ह्यांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले: ‘१ पौंड = १०६ रु.’ झाले! त्या क्षणापासून आमच्या साऱ्या सुखाला एकशे सहाने गुणण्याचा उद्योग सुरू झाला.

दुसऱ्याच दिवशी मुलीने आम्हाला हौसेने एका कॉफीच्या दुकानात नेले. पेला समोर आला. ह्यांनी भिंतीवरची पाटी वाचली, ओठ हलले, आणि हे म्हणाले, “चारशे तीन रुपये.” मी पेला खाली ठेवला. खरे सांगते, ती कॉफी मला गिळवेना. भिंगारला दहा रुपयांत चहा मिळतो. त्या हिशेबाने मी एका बैठकीला चाळीस चहा पीत होते! बसचे तिकीट एक पौंड पंच्याहत्तर पेन्स, म्हणजे एकशे पंच्याऐंशी रुपये पन्नास पैसे. पण तासाभरात दुसरी बस घेतली तर तिचे पैसे पडत नाहीत, हे कळल्यावर ह्यांच्यातला एस. टी.वाला जागा झाला. नको असलेल्या ठिकाणी जाऊन, तिथे न थांबता, तासाच्या आत परत यायचे, आणि “एका तिकिटात दोन्ही फेऱ्या” म्हणून वहीत टिचकी मारायची, असा ह्यांनी नेमच धरला.

केस कापण्याचे चौदा पौंड ऐकल्यावर मात्र ह्यांनी असहकार पुकारला. “चौदाशे चौऱ्याऐंशी रुपये? भिंगारला ऐंशीत कापून वर डोके चोळून देतो!” जुलैपर्यंत ह्यांचे केस मानेवर आले. शेवटी एका रविवारी न्हाणीघरात मीच कात्री चालवली. परिणामाविषयी न बोललेलेच बरे. पुढे तीन आठवडे हे घरातही टोपी घालून बसत.

एकदा जावयाने हाइड पार्कच्या कोपऱ्यावरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा वाडा दाखवायला नेले. ‘नंबर वन, लंडन’ असे त्याचे जुने नाव. हा ड्यूक म्हणजे आमचाच आर्थर वेलस्ली! १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला, हे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवलेले. मी गहिवरून पाहत होते. हे तिकिटाच्या खिडकीशी गेले आणि तसेच परत आले. म्हणाले, “आमचा किल्ला घेतला, आणि वर आमच्याकडूनच पैसे?” वाडा आम्ही बाहेरून पाहिला.

गणपतीत आम्ही डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३२ साली स्थापन झालेले हे मंडळ. तिथे आरतीचा आवाज कानी आला तेव्हा डोळे भरून आले. आरतीनंतर खुर्च्यांच्या एका रांगेत साताऱ्याचे, सांगलीचे, डोंबिवलीचे असे सारे आलेले आईवडील बसले होते. अर्ध्या तासात मला शोध लागला, की ह्या रांगेतला प्रत्येक जण गुणाकार करतो आहे. कुणी कोथिंबिरीचा, कुणी इस्त्रीचा, कुणी दाढ काढण्याचा. आणि समोर उभी असलेली आमची मुले हसत होती; पण ते हसू जरा ओढलेले होते. ते मला तेव्हाच दिसायला हवे होते.

ते दिसले ते पुढच्या आठवड्यात. मुलगी दिवसभराच्या कामावरून थकून आली होती. येताना तिने माझ्यासाठी लोकरीची शाल आणली. मी घडी उलगडली, चिठ्ठी पाहिली आणि सवयीने म्हणाले, “अगं, चार हजार रुपयांची शाल? परत करून ये.” ती खुर्चीत बसली आणि एकदम रडू लागली. म्हणाली, “आई, चार महिने झाले, माझ्या घरातला प्रत्येक घास तुम्ही रुपयांत मोजता. मी पौंडात कमावते, पौंडात खर्च करते. मला वाटते, मी तुम्हाला जे जे देते ते सगळे गुन्हा आहे. आणि तिकडे भिंगारला सगळ्यांना वाटते, की मी लाखांनी कमावते. घरभाडे साडेसतराशे पौंड, ते कुणी गुणते का? बाळाचे पाळणाघर नोव्हेंबरपासून चौदाशे पन्नास. ते कुणी गुणते का?”

आम्ही गप्प झालो. हे हळूच वही घेऊन आत गेले. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मला आठवले, की दोन वर्षांपूर्वी ती भिंगारला आली होती तेव्हा उलटाच प्रकार झाला होता. ती बाजारात म्हणायची, “आई, एवढी मेथी पंधरा पेन्सला!” आणि भाजीवालीला नोट देऊन सांगायची, “राहू द्या वरचे.” मला तिचा राग यायचा. भाजीवालीच्या मेहनतीची हिला किंमत नाही, पैसा उधळते, असे वाटायचे. आता कळले, की आजार एकच होता. ती भागायची, आम्ही गुणत होतो. ती शंभराने भागून आमचे जग खेळण्यातले करून टाकायची, आणि आम्ही शंभराने गुणून तिचे जग राक्षसाचे करून टाकत होतो. दोन्ही वेळा दिसत कुणालाच काही नव्हते.

रात्री जावयाने ह्यांची समजूत घातली. तो मितभाषी आहे, पण बोलला ते मला पटले. म्हणाला, “बाबा, ज्या वस्तू बोटीतून किंवा विमानातून जाऊ शकतात त्यांच्या किमती जगभर साधारण जवळपास येतात. तुमच्या खिशातला मोबाइल नगरच्या कापड बाजारात घ्या नाहीतर इथे घ्या, फार फरक नाही. पण केस कापणे बोटीत भरून आणता येत नाही. तिथले केस तिथल्याच न्हाव्याने कापायचे. म्हणून त्याची किंमत वस्तूची नसते, तिथल्या माणसाच्या तासाची असते.”

ह्यांनी विचारले, “पण कात्री तीच, डोके तेच. मग इथला न्हावी एवढा महाग का?”

“कारण तो न्हावी उद्या दुसरीकडे कामाला जाऊ शकतो. इथे कारखान्यात, कचेरीत यंत्रांमुळे एकेक माणूस पुष्कळ काम उरकतो, म्हणून तिथला पगार मोठा. न्हाव्याला त्याच्या आसपास मिळाले नाही तर तो कात्री ठेवून निघून जाईल. म्हणून त्याचाही दर चढतो. १९६४ साली बलासा आणि सॅम्युएलसन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे नीट मांडून दाखवले. आणि नुसत्या हुंडणावळीच्या दराऐवजी पैशाने काय विकत येते ते पाहावे, हा विचार तर त्याहून जुना. कॅसल नावाच्या स्वीडिश पंडिताने १९१८ साली त्याला क्रयशक्तीच्या समतेचे नाव दिले. इथले ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिक १९८६ पासून देशोदेशीच्या एकाच जातीच्या हॅम्बर्गरची किंमत छापते, ती त्याचसाठी.”

“म्हणजे आपण वडापावची छापावी,” हे म्हणाले. घरात बऱ्याच दिवसांनी सगळे मनापासून हसले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी वहीच्या पहिल्या पानावरचा ‘१०६’ खोडला. पण हिशेबाशिवाय ह्यांना झोप कशी यावी? ह्यांनी नवा रकाना आखला: ‘तास’. अमुक वस्तूसाठी माणसाला किती वेळ राबावे लागते, ते त्यात लिहायचे. तास कुणाचा धरावा, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर शनिवारी दार वाजवून आत आले.

मुलीकडे एक आड एक शनिवारी दोन तास घर साफ करायला एक बाई येत. त्या मूळच्या बल्गेरियाच्या, पन्नाशीच्या. स्वतःच्या छोट्या मोटारीतून येत. तासाला पंधरा पौंड. ऑगस्टमध्ये महिनाभर गावाकडे गेल्या, तेव्हा मुलीने “मजेत राहा” असे सांगून पाठवले. कुणी कपाळाला आठी घातली नाही. काम झाले की त्या आमच्याबरोबर टेबलाशी बसून चहा घेत. त्यांचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी साधारण सारखेच मोडके असल्याने आमची गट्टी जमली. त्यांनाही नात होती. फोनमधले फोटो दाखवण्यात दोन्ही देश एकसारखेच.

त्या शनिवारी हे म्हणाले, “हिचाच तास धरू. आणि तिकडे आपल्या मावशीचा.”

मावशी म्हणजे आमच्या भिंगारच्या घरी भांडी-फरशीला येणाऱ्या बाई. चौदा वर्षे येत होत्या. तेव्हा त्यांचा महिना होता दीड हजार रुपये. रोज साधारण एक तास काम, महिन्याला दोन सुट्ट्या, तिसऱ्या दिवसापासून खाडा. म्हणजे तासाला पन्नास रुपयांच्या आसपास.

आता शेवटचा गुणाकार मी केला, ह्यांनी नव्हे. पंधरा गुणिले एकशे सहा, पंधराशे नव्वद. मी परत केला. तेच आले. लंडनच्या बाईंचा एक तास आणि माझ्या मावशींचा अख्खा महिना! मी स्वतःला सांगितले, की हा गुणाकार खोटा आहे, कालच जावयाने सांगितले. तर मग तासांचा खरा हिशेब काय सांगतो? आम्ही जेवणाच्या टेबलावर वही पसरली.

लंडनला चार पाइंटांचा, म्हणजे सव्वादोन लिटरांच्या थोडा वर, दुधाचा कॅन दीड पौंडाला. लिटरला सहासष्ट पेन्स, म्हणजे सत्तर रुपये. आमच्या भिंगारला साठ. वस्तू म्हणून जवळपास सारखीच! पण लंडनच्या बाईंना लिटरभर दुधासाठी तीन मिनिटेसुद्धा पुरी राबावे लागत नाही. मावशींना एक तास बारा मिनिटे. केस कापायला तिथे छप्पन्न मिनिटे. मावशींच्या मुलाचे केस ऐंशी रुपयांत कापले तर मावशींचा एक तास छत्तीस मिनिटे. ज्या न्हाव्याला हे चार महिने ‘स्वस्त, स्वस्त’ म्हणत होते, तो मावशींच्या मानाने लंडनपेक्षा महाग होता. फक्त एका गोष्टीत दोघी सारख्या निघाल्या. बल्गेरियाच्या बाई एका सामायिक घरातल्या खोलीचे आठशे पौंड भरत, म्हणजे त्रेपन्न तास. मावशी दोन खोल्यांचे अडीच हजार, म्हणजे पन्नास तास. डोक्यावरचे छप्पर दोन्हीकडे गरिबाला सारखेच जड होते.

ह्यांनी पेन खाली ठेवले. मी म्हणाले, “भिंगारची स्वस्ताई आपण ज्याला म्हणतो, ती मावशींच्या तासात आहे.”

“एकट्या मावशींच्या नाही,” हे म्हणाले. त्याच वर्षी जुलैत आमच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोतूळला शेतकरी दुधाच्या भावासाठी आंदोलनाला बसले होते. ती बातमी ह्यांनी लंडनला बसून वाचली होती. दारात येणारे दूध स्वस्त, भाजी स्वस्त, दळण स्वस्त. प्रत्येक स्वस्त गोष्टीच्या मागे कुणाचा तरी स्वस्त तास उभा होता, आणि आम्ही पाहुण्यांना सूर्यास्तासारखा तो दाखवत होतो!

मी जावयाला विचारले, “इथली माणसे मुळातच एवढी न्यायी का रे?” तो हसला. म्हणाला, “आई, न्यायी वगैरे काही नाही. देशभर एकच किमान वेतन इथेही १९९९ पर्यंत नव्हते. त्या वर्षी १ एप्रिलला कायद्याने तासाला तीन पौंड साठ पेन्स ठरले. आता २०२४ मध्ये एकवीस वर्षांवरच्यांना अकरा पौंड चव्वेचाळीस आहे. ठरवावे लागते, तेव्हा होते.”

ऑक्टोबरअखेर आम्ही परतलो. गेलो तेव्हा जिल्हा अहमदनगर होता, आलो तेव्हा कागदोपत्री अहिल्यानगर झाला होता. दिवाळी तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, बंद घरातली सहा महिन्यांची धूळ काढू लागल्या, आणि झाडता झाडता विचारू लागल्या, “बाई, तिकडं ज्वारी मिळती का? तिकडं म्हशी असत्यात का?”

रात्री मी ह्यांना म्हणाले, “मावशींचे अडीच हजार करायचे. आणि आठवड्याला एक सुट्टी, बिनखाड्याची.”

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वर्षाला बारा हजार. दिवाळीच्या पोस्तीचे हजार वेगळे. आपल्या पेन्शनीत तेवढे कुठून काढायचे?” हा प्रश्न कंजूषपणाचा नव्हता. लंडनचे भाषण लंडनला सोपे असते. भिंगारला त्याला वहीत जागा करावी लागते. आम्ही दोघे दरवर्षी एक यात्रा करतो. कधी गाणगापूर, कधी कोकण. तो खर्च साधारण तेवढाच. ह्यांनी वही उघडली, ‘यात्रा’ ह्या शब्दावर एक बारीक रेघ ओढली, आणि शेजारी लिहिले, ‘मावशी’. मला वाटते, इतक्या वर्षांच्या हिशेबात ह्यांनी मला दिलेला तो सगळ्यांत मोठा दागिना होता.

मावशींना सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. आभार नाहीत की डोळ्यांत पाणी नाही. भांडी घासता घासता एवढेच म्हणाल्या, “बरं.” मी थोडी हिरमुसले, खोटे कशाला बोलू? चार दिवसांनी त्यांनी विचारले, “बाई, आता पाच घरांतलं एक सोडू का? दुपारी पाठ टेकता यील.” आणि त्यांनी सोडले ते नेमके आमच्या शेजारणीचे घर.

शेजारीण दिवाळीच्या फराळाचे ताट घेऊन आली ती ताट ठेवून लगेच निघाली. जाताना म्हणाली, “बाई, लंडनला तुम्ही गेलात, आणि भाव आमच्या गल्लीचा बिघडवलात.” दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मग तिला दुसरी बाई मिळाली, जुन्याच दराने. म्हणजे गल्लीतली स्वस्ताई संपली नाही. एका दारातून उठून दुसऱ्या दारात जाऊन बसली, एवढेच. एका घराने दर वाढवून जग बदलत नाही, हे मी शिकले. २००८ साली महाराष्ट्रात घरकाम करणाऱ्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, हे मला माहीत होते. मावशींची त्यात नोंद करावी, हे इतक्या वर्षांत एकदाही सुचले नव्हते. नोंदीसाठी कुणाच्या घरी किती दिवस काम केले ते दाखवावे लागते. तो कागद ह्यांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहून दिला.

आता ह्यांच्या वहीत ‘तास’ हा रकाना कायमचा आहे. मावशींचे दूध एक तास बारा मिनिटांवरून सदतीस-अडतीस मिनिटांवर आले, अशी नोंद मध्यंतरी पाहिली. मुलीचा फोन येतो तेव्हा ती सांगते, “बाबा, आज कॉफी प्याले, पंधरा मिनिटांची.” गुणाकार कुणी करत नाही. ती शाल मी दर थंडीत पांघरते.

हे सारे एकदा मावशींना सांगत होते; लंडनच्या त्या बाई, त्यांची मोटार, त्यांची नात. मावशींना मोटारीचे नवल वाटले नाही, पंधरा पौंडांचेही नाही. त्यांनी विचारले, “मग काम झाल्यावर त्यांना चहा देत व्हता?”

“देत होतो की. आमच्याबरोबरच बसायच्या.”

“कोणत्या कपात?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबले. मोरीच्या कट्ट्यावर, खिडकीशेजारी, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला होता. चौदा वर्षे मावशी त्यातून चहा पीत होत्या. तो कप कधी आणि कुणी वेगळा काढला ते मला आठवेना. आम्ही कुणी तसे ठरवलेही नव्हते. पण तो तिथे होता, रोज होता, आणि ह्यांच्या एवढ्या मोठ्या वहीत त्याला कुठल्याच रकान्यात जागा नव्हती. तो बदलायला यात्रा रद्द करावी लागणार नव्हती, पेन्शनीतून काही काढावे लागणार नव्हते.

मी फडताळातून निळ्या फुलांचे तीन कप काढले. चहा ओतला. मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, “खाली बसते मी.” मी म्हणाले, “मग मीही खालीच बसते. गुडघे दुखतात, उठवायचे काम मात्र तुमचे.” त्या हसल्या. हे बाहेरून ओरडले, “माझा चहा?” आणि तेही आत येऊन पाटावर टेकले.

तो कान तुटलेला कप मी फेकला नाही. आमच्या घरात काही फेकायचे नाही, असा नियम आहे. हल्ली त्यात ह्यांचा दाढीचा साबण असतो.